हमीपत्राच्या दोन बाजू

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका रात्री बंगळुरूहून माझ्या भाच्याचा फोन आला. क्षेमकुशल विचारून झाल्यावर तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही आयुष्यभर गाड्यांचे सुटे भाग तपासलेत. एक सांगा, गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवली होती हे सर्व्हिस सेंटरवाल्यांना कळते का?"

प्रश्न ऐकताच बाकीची हकीकत माझ्या ध्यानात आली. तीन महिन्यांपूर्वी तो आपली नवी गाडी घेऊन चेन्नईला आला होता. शनिवारी रात्री अंबत्तूरला आमच्या घरी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर गेला होता. हौशी मंडळींनी पैसे भरून आपापल्या गाड्या तेथे मनसोक्त पळवायच्या, असा तो दिवस होता. संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. आता त्या गाडीचा तिसरा गिअर टाकताना खरखर येत होती. एका खिडकीची काच वर-खाली होणेही बंद झाले होते. हमीची मुदत अजून बाकी होती, आणि हमीपत्रात एक कलम होते : शर्यत, रॅली अथवा तत्सम स्पर्धेत वापरल्यामुळे झालेले नुकसान या हमीत येत नाही.

"कळते का?" हा त्याचा प्रश्न होता. "सांगावे का?" हा प्रश्न त्याने विचारला नाही. परंतु रात्री साडेदहा वाजता मामाला फोन करण्याचे कारण तोच प्रश्न होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

ज्या वाचकांकडे गाडी नाही, त्यांनी हे पान उलटू नये. पाण्यात पडलेला मोबाइल दुकानात नेताना, विम्याचा अर्ज भरताना, भाड्याचे घर सोडताना भिंतीतील ओल झाकताना आपल्यासमोर हाच प्रश्न उभा राहतो. ज्याने आपल्याला काही वचन दिले आहे, त्याच्यापुढे आपण किती खरे बोलण्यास बांधलेले आहोत? आणि वचन देणारा आपल्याशी तितकाच खरा वागेल, अशी खात्री नसेल तर काय करावे?

भाच्याने हे मलाच का विचारले, ते सांगितले पाहिजे. अंबत्तूर हे आता चेन्नई महानगरपालिकेचा भाग असलेले उपनगर आहे. २०११ साली ते महापालिकेत सामील झाले. सायकलींचा प्रसिद्ध टीआय कारखाना येथे स्वातंत्र्यानंतर लवकरच उभा राहिला, आणि १९६४ च्या सुमारास सरकारने येथे मोठी औद्योगिक वसाहत वसवली. शेजारच्या पाडी भागात ब्रेक, चाके, डायनॅमो-स्टार्टर बनवणारे मोठे कारखाने आले. त्यांच्या आधाराने अंबत्तूरच्या गल्लीबोळांत शेकडो लहान कारखाने उभे राहिले. कोणी स्प्रिंगा वळतो, कोणी पोलादाला पाणी देतो, कोणी केवळ एका प्रकारचा बोल्ट करतो. गाडीवर नाव झळकते ते कंपनीचे. पण ती गाडी चालते ती अशा असंख्य अनाम हातांच्या भरवशावर. मी अहमदनगर जिल्ह्यातून १९८८ साली येथे आलो आणि गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तपासनीस म्हणून लागलो. निवृत्त होईपर्यंत माझे टेबल बदलले नाही. त्या टेबलावर दोन ट्रे असत. एकात बाहेर जाणारा नवा माल असे, आणि दुसऱ्यात परत आलेला तुटका माल.

या दुसऱ्या ट्रेमुळे वॉरंटी म्हणजे काय, हे मला समजले. ग्राहकाला वाटते की आपली दुरुस्ती फुकट झाली. जगात फुकट काहीच होत नाही. सर्व्हिस सेंटर तो खर्च कंपनीकडून वसूल करते. कंपनी तुटलेला भाग तो पुरवणाऱ्या कारखान्याकडे पाठवते, आणि दोष त्या भागाचा ठरला तर त्याच्या नावाने डेबिट नोट फाडते. आमच्या हातून गेलेल्या एका पितळी रिंगेची किंमत चहा-नाश्त्याइतकी असे. पण गिअरबॉक्स उतरवण्याची, उघडण्याची, पुन्हा बसवण्याची मजुरी धरून येणारी नोट तिच्या कित्येक पट असे. एका महिन्यात अशा चार नोटा आल्या की आमच्या मालकांचा चेहरा उतरे आणि त्या महिन्याचा ओव्हरटाइम बंद होई. भाच्याने मला जेव्हा म्हटले, "एवढी मोठी कंपनी, तिला एका गिअरबॉक्सने काय फरक पडतो?" तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कंपनी आली नाही. ओव्हरटाइम बंद झाल्यावर मुलीच्या शाळेची फी पुढच्या महिन्यावर ढकलणारा आमचा लेथवाला आला.

हमी म्हणजे एक प्रकारचा मदतनिधीच होय. दर शंभर गाड्यांमागे काही थोड्या गाड्यांत दोष निघणार, हे कंपनी जाणते. त्यांच्या दुरुस्तीचा अंदाजित खर्च ती सर्वांच्या किमतीत थोडा थोडा मिळवते. म्हणजे ज्याची गाडी बिघडली नाही, तो ज्याची बिघडली त्याच्यासाठी आधीच वर्गणी भरून बसलेला असतो. आपल्या मंडळीच्या मदतनिधीतून एखाद्याने खोटी अडचण सांगून पैसे उचलले, तर आपण त्याला चतुर म्हणत नाही. येथे निधीची पेटी डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

आता शर्यतीच्या वापराला हमीतून का वगळतात, हे पाहू. यात कंपनीची केवळ लबाडी आहे असे नाही. रस्त्यावरील गाडी सहसा आपल्या शक्तीच्या निम्म्यानेही धावत नाही. ट्रॅकवर ती मिनिटामागून मिनिट शक्तीच्या शेवटच्या टोकावर असते. लांब वळणावर इंजिनातील तेल एका कडेला सरकते. तेल ओढणारी नळी क्षणभर कोरडी पडते आणि बेअरिंगे तेलावाचून घासली जातात. वारंवार जोराने दाबलेले ब्रेक तापतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. नेहमी वापरात असलेल्या डॉट ४ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळले की पायाखालचे पॅडल पोकळ होते. घाईने गिअर बदलताना पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात टाकला, तर चाकेच इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात, आणि तेथे कोणतीही नियंत्रक यंत्रणा कामास येत नाही. विमा कंपन्यांनीही हे ओळखले आहे. आपल्याकडील खासगी मोटारींच्या विमापत्रात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर फार पूर्वीपासून वगळलेले असतात. ट्रॅकवर जाणारा माणूस जाणूनबुजून वेगळी जोखीम पत्करतो. त्या जोखमीची वर्गणी इतरांनी भरावी, अशी अपेक्षा त्याला करता येत नाही.

परंतु प्रकरण येथेच संपले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. भाच्याने दुसरा मुद्दा काढला आणि तो मला खोडता आला नाही. "मामा, गाडी विकताना त्यांनी मला काय दाखवले? ट्रॅकवर धुरळा उडवणारी गाडी! गाडीच्या नावातच शर्यत आहे. सीटवर, स्टिअरिंगवर, जाहिरातीत शर्यत आहे. फक्त हमीपत्रात नाही."

मोटारींच्या धंद्यात हे फार जुने आहे. रविवारी जिंकावे आणि सोमवारी विकावे, अशी अमेरिकेतील विक्रेत्यांची एक म्हणच होती. आमच्या चेन्नईनेही हे पाहिले आहे. रेड हिल्सच्या पलीकडे शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एक विमानपट्टी होती. १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तेथे वर्षानुवर्षे शर्यती भरवीत असे. स्टँडर्ड हेरल्ड, फियाट, अँबॅसिडर अशा घरगुती गाड्या लोकांनी गॅरेजात रात्री जागून सजवायच्या आणि तेथे पळवायच्या. १९९० साली क्लबने इरुंगट्टुकोट्टै येथे पावणेचार किलोमीटरच्या आसपास लांबीचा पक्का ट्रॅक बांधला. येथल्या शर्यतींतून पुढे आलेला नरेन कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्याच इरुंगट्टुकोट्टैमध्ये १९९८ पासून मोटारींचा एक प्रचंड कारखानाही गाड्या काढतो आहे. कारखाना आणि ट्रॅक यांनी एकाच गावात शेजारी नांदावे, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. मोटार जन्मल्यापासून माणसाने तिची शर्यत लावली. गाडी बनवणाऱ्याला हे ठाऊक नाही असे कोण म्हणेल?

अमेरिकेत २०२२ साली या विषयावर बरीच चर्चा झाली. टोयोटाच्या जीआर ८६ या गाडीच्या खरेदीबरोबर कंपनी एका हौशी मोटारक्रीडा संघटनेचे वर्षभराचे सभासदत्व आणि ट्रॅकवरील एक दिवस भेट देत होती. अशाच एका ग्राहकाचे इंजिन बिघडले, तेव्हा त्याची गाडी ट्रॅकवर घसरत असल्याचे छायाचित्र पुढे करून त्याला हमी नाकारण्यात आली. गवगवा झाल्यावर कंपनीने दुरुस्ती मान्य केली. एका हाताने ट्रॅकचे आमंत्रण द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ट्रॅकचे छायाचित्र पुरावा म्हणून धरायचे, याला काय म्हणावे? अनुवादाच्या पुस्तकात थैलीत दोन वजने बाळगण्यास मनाई आहे, एक मोठे आणि एक लहान. विकताना मोठे वजन आणि दुरुस्ती करताना लहान वजन वापरणारा दुकानदार आजही थैली घेऊन हिंडतो. फक्त त्याची वजने आता कागदाची झाली आहेत.

म्हणून न्याय्य हमी कशी असावी, याचे उत्तर मला असे दिसते. गाडी ट्रॅकवर गेली होती काय, हा प्रश्न पुरेसा नाही. हा बिघाड ट्रॅकवर गेल्यामुळे झाला काय, हे पाहिले पाहिजे. माझ्या भाच्याच्या खिडकीची काच बंद पडली, तिचा शर्यतीशी काय संबंध? एका कलमाचा आधार घेऊन संपूर्ण हमी उडवून लावणे हा अन्याय आहे. उलट, ट्रॅकवर झिजलेला क्लच "आपोआप झिजला" म्हणून पुढे करणे, हाही अन्यायच. कारण शोधून काढण्याचे कष्ट दोन्ही पक्षांनी घेतले पाहिजेत, आणि कष्ट घेण्याची ज्याची ऐपत अधिक, त्याच्यावर त्यांचा भार अधिक. भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून अमलात आला. त्यात अन्यायकारक करारांविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. ग्राहक आता अगदी निराधार नाही.

पण कायदा न्यायालयात उपयोगी पडतो. काउंटरपुढे उभे असताना आपल्याजवळ केवळ आपली सद्सद्विवेकबुद्धी असते. "ते विचारणार नाहीत, मी सांगणार नाही. यात खोटे कुठे आले?" असे भाच्याने म्हटले. न बोलणे हे खोटे बोलणे होय काय? हा फार जुना वाद आहे.

ख्रिस्तपूर्व ४४ साली रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात एक प्रसंग मांडला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने हे गिऱ्हाइकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने धान्य विकावे? सिसेरो दोन तत्त्वज्ञांचा वाद दाखवतो. एक म्हणतो, कायद्याने सांगावे लागते तेवढे सांगितले की पुरे. दुसरा म्हणतो, माणसे एकमेकांची सोबती आहेत, म्हणून सर्व सांगितले पाहिजे. सिसेरोचा स्वतःचा कौल दुसऱ्याकडे आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की प्रत्येक मौन म्हणजे लपवाछपवी नव्हे. पण ज्याला एखादी गोष्ट कळणे त्याच्या हिताचे आहे, त्याला ती कळू नये आणि त्यात आपला फायदा व्हावा अशी इच्छा धरून बाळगलेले मौन ही लपवाछपवीच. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमाची दिशाही फार वेगळी नाही. नुसते गप्प राहणे हे कपट ठरत नाही, परंतु जेथे बोलणे कर्तव्य असते, किंवा जेथे मौनालाच बोलण्याचा अर्थ येतो, तेथे ते कपट ठरते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या जुन्या चर्चांत संशय नेहमी विकणाऱ्यावर असे. घराची गळती, घोड्याचा लंगडेपणा, धान्याचा भाव, हे सारे विकणाऱ्यालाच ठाऊक. हमीने हे चित्र उलटे केले. गाडी विकली गेल्यावर तिचे काय झाले, ते आता फक्त ग्राहकाला ठाऊक असते. काउंटरवर तो गाडी घेऊन येतो, आणि तिच्याबरोबर तिची कहाणीही आणतो. त्या क्षणी विकणारा तोच असतो. तो आपली कहाणी विकत असतो. तेव्हा जो नियम आपण दुकानदाराला लावतो, तो त्या वेळी आपल्यालाही लागू होतो.

प्रेषितांच्या कृत्यांतील हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, आणि बहुधा तिचा मथितार्थ चुकवतो. त्यांनी पैसे मागे ठेवले, हा त्यांचा अपराध नव्हता. पेत्राने त्यांना तेच समजावले. जमीन तुमचीच होती, विकल्यावर पैसाही तुमच्याच हाती होता. काही भाग ठेवायचा तर ठेवता आला असता. अपराध होता तो "एवढेच आहे" असे म्हणण्याचा. भाच्यालाही मी हेच म्हणालो. गाडी तुझी आहे, रविवारचा आनंद तुझा आहे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सार्वजनिक रस्त्यावर, परक्यांच्या लेकरांमधून गाडी पळवणाऱ्यापेक्षा पैसे भरून, हेल्मेट घालून, ट्रॅकवर पळवणारा शतपट शहाणा. पण त्या आनंदाची किंमत आहे, आणि ती किंमत "मी तेथे गेलोच नाही" असे दाखवून चुकवू नकोस.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. "मामा, मी खरे सांगितले आणि त्यांनी त्याचा गैरफायदा घेतला तर? दोष त्यांच्याच मालात असेल, तरी 'ट्रॅकवर नेली ना' म्हणून हात झटकले तर?"

त्याला काय उत्तर द्यावे, मला सुचेना. कारण तसे घडते, हे मला माहीत होते. मी ते स्वतः केले होते.

साल १९९४. परत आलेल्या मालाच्या ट्रेमध्ये एक गिअर होता. त्याचा एक दात मुळापासून तुटला होता. सोबत आलेल्या कागदांत गाडीच्या मालकाचे एक पत्र होते. मालक एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिले होते की ही गाडी मी एकदा इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर हौशी शर्यतीत चालवली आहे. दात मात्र नंतर दोन महिन्यांनी, रुग्णालयात जाताना तुटला. आपण दोन्ही गोष्टी विचारात घ्याव्यात.

एका धक्क्याने मोडलेल्या दाताचा भंग दाणेदार दिसतो. हळूहळू थकून मोडलेल्या दातावर किनाऱ्यावरील लाटांच्या खुणांसारख्या रेषा असतात. या दातावर त्या रेषा होत्या. मी कठीणपणा तपासला. आमच्या नकाशाप्रमाणे पृष्ठभाग रॉकवेल सी मापावर ५८ ते ६२ असायला हवा होता. यंत्राचा काटा ५१ वर थांबला. मी तीनदा पाहिले. गिअरला पाणी नीट चढले नव्हते. दोष आमचा होता, डॉक्टरांचा नव्हे.

मी अहवाल घेऊन वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी आकडा पाहिला, मग पत्र पाहिले, आणि म्हणाले, "मालकाने स्वतःच लिहून दिले आहे ना, शर्यतीत चालवली म्हणून?" पुढे ते काहीच बोलले नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती. त्या तिमाहीत नोटा पुष्कळ आल्या होत्या. माझ्या पत्नीचे दिवस भरत आले होते. मी टेबलाशी परत आलो आणि अहवालाच्या शेवटच्या रकान्यात लिहिले : "स्पर्धेतील अतिवापरामुळे भंग. मालात दोष नाही." कठीणपणाचा रकाना मी कोरा सोडला. मी खोटा आकडा लिहिला नाही, असे समाधान त्या दिवशी मी स्वतःला देऊ केले. न बोलणे म्हणजे खोटे नव्हे, ही भाच्याची युक्ती मी त्याच्या जन्माआधीच वापरली होती.

शर्यतीला गेलेले, पण ते लपवून ठेवणारे किती तरी लोक त्या वर्षी फुकट दुरुस्ती घेऊन गेले असतील. ज्या एकाने खरे लिहिले, त्याचे खरे आम्ही त्याच्याच विरुद्ध वापरले. या गोष्टीला तीस वर्षे उलटून गेली. परंतु "लोक खरे बोलत नाहीत" अशी तक्रार कोणी केली, की मला तो कोरा रकाना आठवतो. लोक खरे का बोलत नाहीत? कारण खरे बोलणाऱ्याचे काय होते, हे त्यांनी पाहिलेले असते. त्यांना हे दाखवणाऱ्यांत मी होतो.

पाडीच्या एका ब्रेक कारखान्याला, सुंदरम क्लेटनला, १९९८ साली गुणवत्तेसाठी दिला जाणारा जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला. तेव्हा आमच्या साऱ्या परिसरात गुणवत्तेचे वारे वाहू लागले. आम्हालाही वर्गांना बसवले गेले. तेथे मी पहिली गोष्ट शिकलो ती ही, की परत आलेला तुटका भाग हा शत्रू नव्हे. तो ग्राहकाने पाठवलेला खरा निरोप आहे. तो निरोप खोडला की पुढच्या हजार गिअरांमध्ये तोच दोष राहतो. मी त्या दिवशी एका डॉक्टरांचे पैसे बुडवले, एवढेच नाही. आमच्या भट्टीत काय चुकत होते, ते शोधण्याचा मार्गही मी बंद केला. त्या खेपेतील बाकीचे गिअर कोणाकोणाच्या गाडीत बसले असतील, हे देवच जाणे.

हे सारे मी त्या रात्री भाच्याला सांगितले. माझ्या बहिणीच्या मुलाला हे सांगणे सोपे नव्हते, कारण त्याच्या घरी मामाच्या प्रामाणिकपणाचे दाखले दिले जातात. शेवटी मी म्हणालो, "खरे सांगितलेस तर ते खरेच वागतील, असे वचन मी तुला देऊ शकत नाही. पण तू खोटे सांगितलेस, तर त्यांचे खोटे पकडण्याचा तुझा हक्क जातो, एवढे नक्की. तेव्हा खरे लिहून दे, आणि त्याबरोबर तुझा हक्कही माग. नकार दिला तर कारण लेखी माग. काढलेला भाग परत माग. आणि खिडकीचा अर्ज वेगळा कर."

त्याने तसेच केले. काउंटरवरील माणसाने अर्ज वाचून आवाज खाली आणला आणि म्हणाला, "सर, हे लिहायला नको होते. मी कसेही बसवून दिले असते." भाच्याने अर्ज परत घेतला नाही. खिडकीची मोटर हमीत बदलून मिळाली. गिअरबॉक्सचे काम नाकारले गेले, आणि त्याला त्याच्या एका महिन्याच्या पगाराहून अधिक खर्च आला. बिल भरून त्याने मला फोन केला. आवाजात राग नव्हता, पण तो हसलाही नाही. म्हणाला, "मामा, तुमच्या खरेपणाचे बिल मी भरले."

ते वाक्य मला लागले, कारण त्यात तथ्य होते. दुसऱ्याच्या खिशातून प्रामाणिकपणाचा उपदेश करणे फार सोपे असते. मी त्याला म्हटले, अर्धे बिल मी देतो. तो नको म्हणाला. नंतर त्याने कंपनीचा लेखी अहवाल आणि काढलेली पितळी रिंग मला कुरिअरने पाठवली. मी चष्मा पुसून खिडकीपाशी बसलो आणि भिंगातून तिला न्याहाळले. तिची आतली बाजू जळाल्यासारखी काळवंडली होती आणि दातांची टोके घाईघाईच्या गिअरबदलाने गोल झाली होती. पितळात कोठेही चीर अथवा पोकळी दिसली नाही. अहवालात हेच लिहिले होते, आणि एकही रकाना कोरा नव्हता. तो कोणी लिहिला, मला ठाऊक नाही. सहीच्या जागी केवळ आद्याक्षरे होती. पण माझ्यासारख्याच कोणा तपासनिसाने आपले काम नीट केले होते. मी भाच्याला कळवले, "त्यांनी तुला फसवले नाही. रिंग तूच झिजवलीस." त्याने उत्तर पाठवले, "मग ठीक आहे. पुढच्या वर्षी ट्रॅकवर जाण्याआधी क्लच नीट दाबायला शिकतो."

माझे मात्र ठीक झालेले नाही. जक्कयाने ज्यांना फसवले होते त्यांना चौपट परत करण्याची तयारी दाखवली. त्याला ती माणसे तरी ठाऊक होती. आमचा तो कारखाना केव्हाच बंद झाला, कागद रद्दीत गेले, आणि डॉक्टरांचे नावही मला आता आठवत नाही. आठवते ते त्यांचे सुवाच्य अक्षर. आज ते हयात असतील, तर साठीच्या पुढे असतील, आणि एकदा शर्यतीला गेल्याची शिक्षा म्हणून गिअर तुटला, असेच समजत असतील. हमीपत्राच्या एका बाजूला त्यांनी खरे लिहिले होते. दुसरी बाजू माझी होती.